डायलिसिस सुरू झाल्यावर रक्तदाब कसा सांभाळावा: मराठवाड्यातील कुटुंबांसाठी मार्गदर्शन

डायलिसिस सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात घरच्या माणसांचे सारे लक्ष हातावरच्या फिस्टुल्याकडे (डायलिसिसची सुई लावण्यासाठी शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिनीकडे), सरकारी योजनेच्या कागदपत्रांकडे आणि आठवड्याच्या फेऱ्यांचा मेळ कसा घालायचा याकडे असते. रक्तदाब मात्र जुन्या ओळखीचा म्हणून मागे पडतो. "बीपी तर दहा वर्षांपासून आहेच, गोळी चालू आहे," एवढ्यावर तो विषय मिटतो. प्रत्यक्षात मूत्रपिंडे काम करीत होती तेव्हाचा रक्तदाब आणि ती थांबल्यानंतरचा रक्तदाब यांच्यामागची कारणे सारखी नसतात, म्हणून त्यावरचे उपायही सारखे राहत नाहीत.

माझ्या वडिलांना आम्ही साडेपाच वर्षे सेलूहून परभणीला डायलिसिससाठी नेत होतो. पहिल्या आठ महिन्यांत त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या एकावरून चारवर गेल्या आणि तरीही आकडा १८०/१०० च्या खाली येत नव्हता. पुढे त्यांपैकी दोन गोळ्या सुटल्या. नवे औषध काही मिळाले नव्हते. पाणी, मीठ आणि वजन यांचा हिशेब आम्हाला समजला होता. जे आम्हाला आठ महिन्यांनी कळले ते नव्या कुटुंबाला पहिल्या आठवड्यात कळावे, एवढ्यासाठी हा लेख लिहीत आहे. यातील आकडे सर्वसाधारण आहेत. आपल्या रुग्णाचे आकडे त्याच्या नेफ्रॉलॉजिस्टनेच, म्हणजे मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनीच, ठरवावेत.

रक्तदाब का वाढतो

निरोगी मूत्रपिंडे दिवसरात्र जास्तीचे मीठ आणि पाणी लघवीवाटे बाहेर टाकीत असतात. ती थांबली की खाल्लेले मीठ आणि प्यायलेले पाणी पुढच्या डायलिसिसपर्यंत शरीरातच राहते. त्यातील काही भाग रक्तवाहिन्यांत साठतो आणि रक्तदाब चढतो. काही भाग पायांत, चेहऱ्यावर आणि शेवटी फुप्फुसांत उतरतो. याखेरीज इतरही कारणे असतात. आजारी मूत्रपिंडे रेनिन नावाचे द्रव्य जास्त सोडतात, रक्तवाहिन्यांच्या भिंतींत कॅल्शियम साचून त्या कडक होतात, आणि रक्त वाढवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शननेही काही रुग्णांचा रक्तदाब चढतो. झोपेत घोरताना श्वास अडखळणाऱ्या रुग्णांतही तो जास्त राहतो. तरीही बहुतेक रुग्णांत सर्वांत मोठा वाटा मीठ-पाण्याचाच असतो.

ही गोष्ट नवी नाही. १९६० साली अमेरिकेतील सिएटल येथे डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी वारंवार डायलिसिस करता येईल अशी नळी वापरात आणली, आणि त्यांच्या पहिल्याच रुग्णाचा धोकादायक पातळीला गेलेला रक्तदाब जास्तीचे पाणी काढून आणि मीठ कमी करून आटोक्यात आणला. आजच्या गोळ्यांपैकी बहुतेक तेव्हा नव्हत्याच. फ्रान्समधील तासां या गावच्या केंद्रात रुग्णांना आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी आठ तास, सावकाश डायलिसिस आणि कमी मिठाचे जेवण देत, आणि तेथील बहुतेक रुग्णांना रक्तदाबाची गोळी लागत नसे. आपल्याकडे आठ तासांची सोय नाही. आपल्याला चार तास मिळतात, आणि बसभाडे, मजुरी बुडणे व केंद्रातली गर्दी यांमुळे अनेकांना आठवड्यातून दोनच फेऱ्या जमतात. वेळ कमी असल्यामुळेच आपल्याला घरचा हिशेब अधिक काटेकोर ठेवावा लागतो.

पहिली पायरी: वजनकाटा आणि वही

रक्तदाबाचे यंत्र नंतर घेतले तरी चालेल, पण वजनकाटा पहिल्याच आठवड्यात घ्यावा. साधा डिजिटल काटा पुरतो. तो गादीवर किंवा सतरंजीवर न ठेवता सपाट फरशीवर ठेवावा. रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्यापूर्वी, साधारण सारख्याच कपड्यांत वजन करून ते वहीत लिहावे. घरचा काटा आणि केंद्रातला काटा यांत अर्धा-पाऊण किलोचा फरक निघू शकतो. म्हणून एकदा केंद्रावर वजन करून घरी येताच पुन्हा करावे आणि तो फरक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत अंगावर मांस किंवा चरबी किलोने चढत नाही, म्हणून जे वाढते ते जवळजवळ सगळे पाणीच असते. ही वाढ कोरड्या वजनाच्या (अंगात जास्तीचे पाणी नसतानाच्या वजनाच्या) चार-साडेचार टक्क्यांच्या आत राहावी, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. पन्नास किलोच्या माणसासाठी ती साधारण दोन ते सव्वादोन किलो होते. दोन फेऱ्यांच्या मध्ये तीन-तीन दिवस जाणाऱ्या रुग्णाला ही मर्यादा पाळणे फार अवघड जाते, हे आम्ही अनुभवाने जाणतो. म्हणूनच योजनेतून किंवा इतर मार्गाने तिसरी फेरी मिळण्याची शक्यता असेल तर ती मिळवण्यासाठी धडपड जरूर करावी. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे, आणि २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत डायलिसिसची सोय झाली आहे. आपल्याला जवळचे केंद्र कोणते आणि तेथे कोणती शिफ्ट मोकळी आहे, याची चौकशी जिल्हा रुग्णालयात समक्ष जाऊन करावी.

दुसरी पायरी: कोरडे वजन समजून घेणे

केंद्रातील सिस्टर आणि टेक्निशियन ज्याला "ड्राय वेट" म्हणतात ते कोरडे वजन म्हणजे अंगात जास्तीचे पाणी अजिबात नसताना रुग्णाचे जे वजन असेल ते. डायलिसिस संपताना रुग्ण त्या वजनापर्यंत यावा, अशा बेताने मशीनवर पाणी काढले जाते. आकडा कागदावर लिहिलेला असतो, त्यामुळे तो कायमचा आहे असा आपला समज होतो. सर्वांत मोठी चूक येथेच होते.

माझ्या वडिलांचे कोरडे वजन सुरुवातीला ५८ किलो ठरले होते. दर वेळी मशीनवरून उतरताना ते ५८ वर येत, म्हणून पाणी पुरेसे निघते आहे असेच आम्ही समजत होतो. एकदा तपासायला आलेल्या डॉक्टरांनी त्यांच्या नडगीवर अंगठा दाबून धरला, आणि बोट उचलल्यावर तेथे पडलेला खळगा बराच वेळ भरला नाही. त्यानंतर त्यांनी कोरडे वजन दर आठवड्याला थोडे थोडे खाली आणले. सहा आठवड्यांत ते साडेपंचावन्नवर आले. पहिल्या दोन आठवड्यांत रक्तदाबात फारसा फरक पडला नाही तेव्हा आम्ही निराश झालो होतो, पण डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले होते की पाणी उतरल्यावर रक्तदाब उतरायला कित्येकदा काही आठवडे जातात. तसेच झाले. २००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत गोळ्या न वाढवता कोरडे वजन सुमारे एक किलोने कमी केले, तेव्हा आठ आठवड्यांत रक्तदाबाचा वरचा आकडा सरासरी सात मिलिमीटरच्या आसपास उतरला. एका चांगल्या गोळीने साधारण एवढेच साधते.

कोरडे वजन खाली आणताना मशीनवर पायगोळे येणे, चक्कर येणे, सारख्या जांभया येणे, मळमळणे असा त्रास होऊ शकतो. असे झाले की रुग्ण म्हणतो, "माझे पाणी जास्त काढू नका," आणि घरचेही त्याच्या बाजूने बोलतात. अशा वेळी आकडा एकदम सोडून देण्याऐवजी तो किती सावकाश खाली आणता येईल, हे डॉक्टरांना विचारावे. त्रास नेहमी वजन चुकल्यामुळेच होतो असे नाही. पुष्कळदा तो दोन फेऱ्यांमध्ये फार पाणी चढल्यामुळे, आणि ते चार तासांत घाईने काढावे लागल्यामुळे होतो.

दुसरा धोका उलट बाजूचा आहे आणि तो फार छुपा असतो. चौथ्या वर्षी वडिलांना टायफॉईड झाला. पंधरा दिवस जेवण नव्हते, अंगावरचे मांस उतरले, पण केंद्राच्या कागदावर कोरडे वजन जुनेच राहिले आणि आमच्याही ते लक्षात आले नाही. मांस दोन किलोने घटले आणि त्या जागी दोन किलो पाणी भरले, त्यामुळे काट्यावरचा आकडा तोच दिसत राहिला. एका रात्री त्यांना आडवे पडता येईना. उशीला उशी लावून, शेवटी खाटेवर बसून त्यांनी पहाट काढली. फुप्फुसांत पाणी झाले होते. म्हणून मोठा ताप, शस्त्रक्रिया, दवाखान्यातील मुक्काम किंवा महिनाभर भूक मंदावणे यांपैकी काहीही घडले की कोरडे वजन पुन्हा तपासा, असे आपण होऊन सांगावे. भूक सुधारून अंग भरू लागले तर तेच वजन थोडे वर न्यावे लागते. डोळ्यांना दिसणाऱ्या खुणाही वहीत टिपाव्यात: मोज्याची किंवा चपलेच्या पट्ट्याची खूण उमटते का, सकाळी पापण्या सुजतात का, अंगठी घट्ट झाली का, झोपताना उशा वाढल्या का.

तिसरी पायरी: मीठ

रुग्णाला पाण्यावरून सारखे रागावणारे घर मिठाबद्दल मात्र गप्प असते. खरे तर मीठ आधी येते आणि तहान त्याच्या मागून येते. रक्तात मीठ वाढले की शरीर पाणी मागतेच, आणि ती मागणी निग्रहाने फार काळ दाबून ठेवता येत नाही. सुमारे आठ ग्रॅम मीठ शरीरात साधारण एक लिटर पाणी धरून ठेवते, हा आकडा घरातल्या प्रत्येकाने पाठ करावा. दिवसाला पाच ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट भरलेला एक छोटा चमचा, एवढ्यावर राहिले तर दोन दिवसांत दहा ग्रॅम होते आणि सव्वा लिटरच्या आसपास पाणी साठते. तेच मीठ दिवसाला बारा ग्रॅम गेले तर दोन दिवसांत तीन लिटर पाण्याची तयारी झाली. मग रुग्णाला पाण्यावरून कितीही रागावले तरी उपयोग होत नाही.

आमच्या घरी जी रीत शेवटपर्यंत टिकली ती अशी. सकाळी स्वयंपाकाच्या आधीच वडिलांचे दिवसभराचे मीठ मोजून एका छोट्या डबीत काढून ठेवायचे, आणि वरण-भाजीत सगळ्यांचे मीठ पडण्यापूर्वी त्यांचा वाटा वेगळ्या पातेलीत काढून घ्यायचा. त्यात घालायचे मीठ त्या डबीतलेच. डबी संपली की त्या दिवसाचे मीठ संपले. पहिले दोन-तीन आठवडे जेवण अळणी लागते, त्यानंतर जीभ सरावते.

आपल्या भागातले रोजचे जेवण तसे या पथ्याला अनुकूल आहे. ज्वारीच्या भाकरीत बहुतेक घरी मीठ घालतच नाहीत. घात करते ते ताटाच्या डाव्या बाजूचे: लोणचे, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, पापड, कुरडई, तळलेल्या सांडग्या मिरच्या. लोणच्याच्या दोन फोडींत आणि एका पापडात दिवसाच्या मिठाचा मोठा हिस्सा संपून जातो. पापडात मिठाबरोबर पापडखारही असतो. भजी, ढोकळा आणि हॉटेलातील पदार्थांत पडणारा खाण्याचा सोडा, तसेच पोट फुगले की पाण्यात घालून घेतली जाणारी फसफसणारी पावडर, या दोन्हींतूनही सोडियम पोटात जाते. चवीला ते खारट लागत नाही म्हणून मोजण्यात येत नाही, इतकेच. ठेचा अगदी सोडवत नसेल तर हिरवी मिरची, लसूण, जिरे आणि कोथिंबीर खरपूस भाजून बिनमिठाचा कुटावा, वर लिंबाचे चार थेंब पिळावेत. हिवाळ्यात शेतावर हुरड्याला बोलावणे आले की रुग्णाने जाण्यास हरकत नाही, पण सोबतची खारट चटणी आणि शेव बाजूला ठेवून हुरडाही बेतानेच खावा.

मिठाच्या बाबतीत दोन गैरसमज फार पसरलेले आहेत. पहिला सैंधवाचा. उपवासाचे म्हणून किंवा औषधी म्हणून सैंधव चालते, असे लोक खात्रीने सांगतात. पण सैंधव हेही प्रामुख्याने सोडियम क्लोराइडच असते आणि रक्तदाबाला त्याने काहीही सवलत मिळत नाही. दुसरा गैरसमज जिवावर बेतू शकतो. दुकानात "कमी सोडियमचे मीठ" म्हणून जी पाकिटे मिळतात त्यांत सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते. निरोगी मूत्रपिंडाच्या माणसाला ते चालू शकेल, परंतु डायलिसिसच्या रुग्णाच्या शरीरातून पोटॅशियम बाहेर पडायला वाट नसते आणि ते वाढले की हृदयाचे ठोके बिघडून हृदय बंद पडू शकते. आपल्या भल्यासाठी म्हणून कोणी नातेवाइकाने असे पाकीट आणून दिले, तरी ते रुग्णाच्या स्वयंपाकात येऊ देऊ नये.

चौथी पायरी: पाणी, आणि आपला उन्हाळा

दिवसाला किती पाणी चालेल हे रुग्णाच्या लघवीवर ठरते. चोवीस तासांची लघवी एका मापाच्या भांड्यात मोजावी आणि त्यात अर्धा लिटर मिळवावा. साधारण तेवढे पातळ पदार्थ त्या दिवशी घेता येतात. लघवी अर्धा लिटर होत असेल तर एक लिटर, आणि अजिबात होत नसेल तर सगळे मिळून अर्धा ते पाऊण लिटर. नव्या रुग्णांना बहुधा थोडीफार लघवी होत असते. ती टिकवणे फार मोलाचे आहे, म्हणून अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारखी गोळी दुकानातून परस्पर आणून देऊ नये; ती उरलेली लघवीही घटवते आणि रक्तदाबही वाढवते.

या मापात चहा, ताक, दूध, पातळ वरण, आमटी, कढी, भाजीचा रस्सा आणि बर्फ हे सगळे मोजायचे असते. सकाळी ठरलेले पाणी एका बाटलीत भरून ठेवावे. रुग्णाने चहा घेतला तर तेवढे पाणी बाटलीतून काढून टाकावे, म्हणजे तोंडाने हिशेब करत बसावे लागत नाही.

एप्रिल-मे महिन्यांत परभणी, नांदेड, जालना या भागांत पारा बेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा हे सगळे सांगणे सोपे आणि पाळणे कठीण असते. माठातल्या गार पाण्याने चूळ भरून ते थुंकणे, लवंग किंवा वेलदोडा दाढेखाली धरणे, मापातल्याच पाण्याचे बर्फाचे छोटे खडे करून एकेक चघळणे, ओल्या पंचाने मान आणि चेहरा पुसणे, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच घराबाहेर न पडणे, यांनी आम्हाला उन्हाळे निभावता आले. मधुमेह असलेल्या रुग्णाची साखर वाढली की तहान दुप्पट होते, म्हणून उन्हाळ्यात साखर अधिक वेळा तपासावी. उन्हाळ्याचा उतारा म्हणून नारळपाणी, मोसंबीचा रस किंवा उसाचा रस देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्यांत पाणी तर आहेच, शिवाय नारळपाण्यात आणि मोसंबीत पोटॅशियमही भरपूर आहे, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते देऊ नये. भेटायला आलेल्या पाहुण्यांना हे आधीच सांगून ठेवावे, कारण हातात दिलेला पेला रुग्णाला नाही म्हणवत नाही.

पाचवी पायरी: रक्तदाब घरी मोजणे

केंद्रावर मशीनला लावण्यापूर्वी घेतलेला रक्तदाब बहुधा चढलेला असतो आणि उतरताना घेतलेला उतरलेला असतो. त्या दोन आकड्यांवरून मधल्या दिवसांचे खरे चित्र कळत नाही. घरी, डायलिसिस नसलेल्या दिवशी, शांतपणे घेतलेले आकडे अधिक विश्वासाचे असतात. यंत्र दंडाला बांधायचे असावे. मनगटावरची यंत्रे अचूकतेत कमी पडतात. पट्टा दंडाच्या जाडीला साजेसा हवा, कारण लहान पट्टा आकडा वाढवून दाखवतो.

फिस्टुला असलेल्या हातावर रक्तदाब कधीही मोजू नये, डायलिसिसखेरीज त्यावर सुई टोचू देऊ नये आणि तेथून तपासणीसाठी रक्तही काढू देऊ नये. दोन्ही हातांवर शस्त्रक्रिया झालेली असेल तर पायावर कसे मोजावे ते सिस्टरांकडून समक्ष शिकून घ्यावे. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री यांपैकी काही नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, पाच मिनिटे न बोलता बसावे. हात छातीच्या पातळीवर टेकवावा. सकाळी गोळ्या घेण्यापूर्वी आणि संध्याकाळी, प्रत्येक वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत. असे आठवडाभराचे आकडे डॉक्टरांना दाखवावेत. घरच्या आकड्यांची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर राहत असेल तर रक्तदाब वाढलेला समजतात. आपल्या रुग्णाला कोठपर्यंत आणायचे हे मात्र त्याचे वय, हृदयाची स्थिती आणि मशीनवर रक्तदाब किती पडतो हे पाहूनच ठरते. एखाद्या वेळी १६० दिसले म्हणून घाबरून जादा गोळी देऊ नये.

मशीनवरचे चार तास

चार तासांपैकी शेवटचा अर्धा तास सोडून देण्याचा मोह सर्वांनाच होतो. गाडी गाठायची असते, भूक लागलेली असते. तो सोडू नये. पाणी काढण्याचा वेग तासाला, दर किलो वजनामागे, १३ मिलिलिटरपेक्षा जास्त नसावा असे मानले जाते. पन्नास किलोच्या रुग्णाचे या हिशेबाने चार तासांत २.६ लिटर पाणी निघते आणि साडेतीन तासांत सव्वादोन लिटरच. राहिलेले पाणी त्याच्याबरोबर घरी येते. मशीनचा वेग वाढवून ते भरून काढू पाहिले तर हृदयावर ताण येतो.

काही रुग्णांचा रक्तदाब मशीनवर पडण्याऐवजी चढत जातो. असे वारंवार होत असेल तर ती बहुधा अंगात जास्तीचे पाणी उरले असल्याची खूण असते. अशा वेळी गोळी वाढवण्यापूर्वी कोरडे वजन आणि मशीनच्या द्रावणातील सोडियम यांचा विचार व्हावा, अशी विनंती डॉक्टरांना करावी. प्रश्न विचारल्यामुळे डॉक्टर रागावतील ही भीती ग्रामीण भागातल्या आपल्या माणसांना फार असते. वहीतले आकडे पुढे ठेवून विचारले तर ते लक्ष देऊन ऐकतात, असाच आमचा अनुभव आहे.

गोळ्या

गोळ्या लागतातच, आणि त्या लागणे म्हणजे कोणाचे पथ्य चुकले असेही नाही. येथे फक्त त्यांच्या वेळेबद्दल सांगतो. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल ही औषधे डायलिसिसमध्ये बऱ्याच प्रमाणात धुऊन निघतात, म्हणून ती पुष्कळदा मशीनवरून उतरल्यावर द्यायला सांगतात. अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, कार्व्हेडिलॉल ही धुऊन जात नाहीत. डायलिसिसच्या सकाळी कोणती गोळी घ्यायची आणि कोणती संध्याकाळी, हे प्रत्येक गोळीच्या नावापुढे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. "डायलिसिसच्या दिवशी बीपीची गोळीच घ्यायची नाही," हा केंद्राबाहेरच्या बाकावर मिळणारा सल्ला सगळ्यांना लागू पडत नाही. टेल्मिसार्टन किंवा एनालाप्रिल चालू असेल तर पोटॅशियम तपासत राहावे लागते. क्लोनिडीनची गोळी संपली म्हणून एकदम बंद झाली तर रक्तदाब उसळून वर येतो. गावात ती मिळत नसेल तर पंधरा दिवसांची जास्तीची जवळ ठेवावी. सर्दीच्या काही गोळ्यांनीही रक्तदाब चढतो, म्हणून त्याही विचारूनच घ्याव्यात.

रक्तदाब फार वाढला की कॅप्सूल फोडून जिभेखाली थेंब टाकण्याची जुनी पद्धत अजून काही ठिकाणी दिसते. तिने रक्तदाब इतक्या झपाट्याने पडू शकतो की मेंदूला आणि हृदयाला रक्त कमी पडते. तसे करू देऊ नये.

केव्हा थांबायचे नाही

आडवे पडल्यावर धाप लागणे, बसल्याशिवाय श्वास न पुरणे, छातीत दुखणे, असह्य डोकेदुखीबरोबर अंधारी किंवा उलटी, झटका येणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे किंवा बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या शिफ्टची वाट न पाहता १०८ वर फोन करावा. दोन फेऱ्यांमधले सर्वांत लांब अंतर संपत येते तेव्हा, विशेषतः त्याच्या शेवटच्या रात्री, हा धोका सर्वाधिक असतो. लग्नसराईत किंवा तुळजापूर, परळीच्या दर्शनाला जाताना एखादी फेरी चुकवण्याचा बेत ठरला, तर ते अंतर आणखी वाढते हे लक्षात ठेवून फेरी आधी किंवा नंतर करून घेण्याची व्यवस्था जाण्यापूर्वीच केंद्रात करून ठेवावी.

अशा रात्री रुग्ण बहुधा आधी जवळच्या लहान दवाखान्यात पोहोचतो, आणि अशक्तपणा किंवा धाप दिसली की सलाईन लावण्याची आपल्याकडे सवय आहे. ज्याच्या अंगात आधीच पाणी मावत नाही त्याला बाटलीभर सलाईन शिरेतून गेले तर धाप मिनिटामिनिटाला वाढू शकते. म्हणून रुग्णाच्या खिशात किंवा पिशवीत प्लॅस्टिकच्या पाकिटात एक चिठ्ठी कायम ठेवावी, आणि तिच्यावर ठळक अक्षरांत एवढे लिहावे: हा डायलिसिसचा रुग्ण आहे, लघवी इतकी होते किंवा होत नाही, कोरडे वजन इतके, शेवटचे डायलिसिस या तारखेला झाले, चालू गोळ्या या, फिस्टुला डाव्या हातावर आहे, त्या हाताला सुई व पट्टा लावू नये, नेफ्रॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय सलाईन देऊ नये, त्यांचा फोन क्रमांक हा. कोरडे वजन किंवा गोळी बदलली की त्याच दिवशी जुनी चिठ्ठी फाडून नवी लिहावी.